वाचकांचे प्रश्न : अलिबाग, चौल आणि ओहोटीचे गणित

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत आणि सोलापूरला राहतो. स्वतःची गाडी नाही आणि यात्रा कंपनीबरोबर जाण्याची इच्छा नाही. अलिबागला तीन दिवस राहून कुलाबा किल्ला आणि आजूबाजूचा किनारा एसटीने पाहता येईल का? किल्ल्यात चालत जाता येते असे ऐकले आहे, पण नेमके केव्हा, हे कोणीच सांगत नाही.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : एसटीने हा सगळा किनारा नीट पाहता येतो. स्वतःची गाडी नसलेल्या प्रवाशाला येथे थोडा निवांतपणाही मिळतो, कारण शनिवार-रविवारी वडखळपासून पुढे लागणाऱ्या रांगेत गाडी चालवण्याचा शीण त्याच्या वाट्याला येत नाही. आपण पुण्याला उतरून स्वारगेटहून अलिबागची एसटी धरावी. परतताना मुंबईमार्गे जायचे असेल, तर मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या बोटीने जरूर जावे. अलिबाग ते मांडवा ही बस त्याच तिकिटात देणाऱ्या बोट कंपन्या आहेत, म्हणून तिकीट अलिबागमध्येच काढलेले सोयीचे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येते. अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीलाच चालत जाता येते, आणि ते केव्हा, याचे उत्तर घड्याळापेक्षा पंचांगात लवकर सापडते. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. समजा चतुर्थी आहे, तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांत तिथी एकपासूनच मोजावी. वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारून खात्री करावी. पाणी वळले की नाही, हे त्यांना दुरून दिसते.

केवळ वेळ कळून मात्र भागत नाही. अष्टमी-नवमीला ओहोटी ऐन दुपारी येते, त्यामुळे अनेकांना ती सोयीची वाटते. पण ती भांगाची, म्हणजे कमी जोराची, ओहोटी असते आणि पाणी फारसे मागे हटत नाही. मी स्वतः एकदा नवमीला दुपारी एकच्या सुमारास निघाले होते आणि अर्ध्या वाटेवर पाणी मांडीच्या वर आल्यामुळे तशीच मागे फिरले. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची ओहोटी खोल जाते, पण ती भल्या पहाटे आणि संध्याकाळी येते. म्हणून आपल्यासारख्यांनी द्वितीया ते पंचमी यांपैकी एखादी सकाळ निवडावी, असा माझा आग्रह आहे. उधाणाचा जोर तेव्हा अजून ओसरलेला नसतो, वाळू बरीच उघडी पडते आणि ऊन चढण्याच्या आत परत येता येते. पूर्ण ओहोटीच्या सुमारे तासभर आधी निघावे, आणि पाणी चढू लागल्यावर "अजून पाच मिनिटे" म्हणत आत थांबू नये. वाटेत शेवाळलेले खडक आहेत, तेव्हा पायांत पट्ट्याच्या, न घसरणाऱ्या चपला असाव्यात.

शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत पुरा झाला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे बनला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी त्यांना तो घेता आला नाही. आत गेल्यावर सिद्धिविनायकाचे दर्शन घ्यावे आणि समुद्राच्या कुशीत असूनही गोड पाणी देणारी विहीर पाहावी. पण त्याहून अधिक वेळ तटाच्या बाहेरच्या बाजूला, अगदी पायथ्याशी, द्यावा. तेथे मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आपटते तेव्हा पाणी त्यांच्या फटींत शिरते, त्याचा जोर आतल्या आत विरतो आणि ते सावकाश झिरपत परत येते. फटींच्या कडांना कालवांची धारदार कवचे चिकटलेली असतात, म्हणून हात जपून लावावा. तीनशेहून अधिक पावसाळे हा तट कसा उभा राहिला, हे तेथे दोन मिनिटे उभे राहिले की डोळ्यांनी समजते.

संध्याकाळी गावातच कान्होजींची समाधी आणि इस्राएल आळीतले मागेन आबोथ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, पाहता येईल. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाचे हे जुने वसतिस्थान. त्यांच्यातील रेवदंडेकर, नवगावकर ही आडनावे याच किनाऱ्यावरच्या गावांची आहेत.

प्रश्न : मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. चौल हे फार प्राचीन बंदर होते असे अभ्यासात आले, परंतु तेथे जाऊन आलेले लोक "काही उरलेले नाही" असे सांगतात. एका दिवसासाठी एकटीने जाण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अर्थ निश्चित आहे, फक्त चौल आणि रेवदंडा ही दोन गावे एकच नगर समजून पाहावी लागतात. अलिबागहून रेवदंड्याची एसटी आक्षी, नागाव, चौल अशी नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाते. सकाळच्या गाडीने आधी आक्षीला उतरावे. तेथला शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला गेला आहे आणि मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. ज्या भाषेत आपण हे पत्र लिहिले, तिचे इतके जुने अक्षर इतक्या साध्या जागी उभे आहे, हे पाहून मला दर वेळी भरून येते.

चौलला रामेश्वराचे मंदिर आणि त्यासमोरची पुष्करणी पाहावी. मंदिरात पर्जन्यकुंड आहे. अवर्षण पडले की ते उघडण्याची गावाची परंपरा आहे. प्राचीन भूगोलकार टॉलेमीच्या ग्रंथात ज्याचा उल्लेख येतो आणि पंधराव्या शतकात रशियाच्या त्वेर नगरातला व्यापारी अफनासी निकितीन जेथे उतरला, ते बंदर हेच. धक्के आणि वखारी शोधू गेल्यास निराशा होते, हे खरे आहे. गाळाने खाडीचे रूप बदलले आणि व्यापार मुंबईकडे गेला. जे उरले, ते रेवदंड्यात एकवटले आहे.

१५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. त्यानंतर १५२१ मध्ये पोर्तुगिजांनी निजामशाहीकडून परवानगी मिळवून रेवदंड्यात कोट उभारायला घेतला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. आज गावच कोटाच्या आत वसलेले आहे आणि मुरूडचा रस्ता तटबंदीतून आरपार जातो. बहुतेक पर्यटक खिडकीतून एक दरवाजा पाहतात आणि पुढे निघून जातात. आपण उतरावे आणि समुद्राच्या बाजूने तटाच्या कडेकडेने चालावे. वाड्यांत चर्चच्या कमानी उभ्या आहेत, त्यांच्या भिंतींतून वडाची मुळे खाली आली आहेत आणि सातखणी मनोरा माडांच्या शेंड्यांवर डोके काढून उभा आहे. तो एका चर्चचा मनोरा असून त्याचे वरचे मजले आता राहिलेले नाहीत. बरेचसे अवशेष खाजगी वाड्यांत आहेत, म्हणून बेड्यापाशी, म्हणजे वाडीच्या फाटकापाशी, थांबून "काका, आत येऊन पाहू का?" असे विचारावे. मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही, उलट शहाळे पुढे केले आहे.

वेळ उरल्यास कुंडलिकेचा पूल ओलांडून कोर्लईला जावे. तेथील किल्ल्याइतकेच मोलाचे म्हणजे पायथ्याच्या वस्तीतील ख्रिस्ती कुटुंबे घरात जी बोली बोलतात, ती. ती पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झाली आणि राज्य जाऊन पावणेतीनशे वर्षे उलटली तरी टिकून आहे. अभ्यासक म्हणून ऐकायला जात असाल, तर आधी ओळख करून घ्यावी. न विचारता कोणाचे बोलणे ध्वनिमुद्रित करू नये. एकटीने जाण्याबद्दल एवढेच सांगेन की दिवसभर हा रस्ता वर्दळीचा असतो. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ मात्र रेवदंड्याला उतरताच स्थानकात विचारून घ्यावी आणि तिच्या आधीची गाडी आपली समजावी.

प्रश्न : जुलैमध्ये सुटी मिळते. तेव्हा जंजिरा पाहता येईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. पावसाळ्यात राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या बंद असतात, गेटवे ते मांडवा ही बोटसेवाही थांबते आणि कुलाब्याच्या वाळूवर पाय ठेवू नये इतका समुद्र खवळलेला असतो. कोणी पैसे घेऊन नेतो म्हणाला, तरी जाऊ नये. सुटी पुढे ढकलता येत असेल, तर डिसेंबर-जानेवारीत यावे. त्या दिवसांत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भाजून पोपटी लावतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या घालून बांधलेल्या माळा हव्या असतील, तर मात्र फेब्रुवारी उजाडू द्यावा.