वाचकांचे प्रश्न : पाइपच्या गॅसचा दर कोण ठरवतो?

नागपुरात पाइपने घरोघरी पोहोचणारा गॅस आणि वाहनांसाठीचा सीएनजी यांविषयी आलेल्या पत्रांतील चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पहिल्या पत्रातील प्रश्न बाकीच्या तिन्हींच्या मुळाशी असल्यामुळे त्याचे उत्तर विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : पाइपच्या गॅसची जोडणी घ्यावी का, यावर आमच्या सोसायटीच्या सभेत बरीच चर्चा झाली. दुसऱ्या एखाद्या कंपनीचेही दरपत्रक मागवावे असे काही सभासदांनी सुचवले, तेव्हा या भागात एकाच कंपनीला परवानगी आहे असे समजले. विजेचे दर वाढायचे असतील तर आयोगापुढे आपले म्हणणे निदान मांडता तरी येते. गॅसच्या बाबतीत ग्राहकाला कोण विचारतो?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : एका शहरात एकच वितरक असणे हा योगायोग नव्हे, ती कायद्यानेच केलेली व्यवस्था आहे. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा २००६ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी मंडळ अस्तित्वात आले. हे मंडळ देशाचे भौगोलिक क्षेत्रांत विभाजन करते, प्रत्येक क्षेत्रासाठी बोली मागवते आणि एकाच कंपनीला अधिकारपत्र देते. एकाच रस्त्याखाली दोन-तीन कंपन्यांनी आपापल्या वाहिन्या टाकल्या तर खर्च तेवढ्याच पटीने वाढेल आणि तो अखेर ग्राहकाच्याच बिलात येईल, हे या व्यवस्थेमागचे कारण आहे आणि ते योग्यही आहे. वाहिन्यांचे जाळे उभारण्याचा अनन्य अधिकार २५ वर्षांचा असतो. त्या जाळ्यातून गॅस विकण्याचा अनन्य अधिकार, २०१८ पासूनच्या फेऱ्यांत दिलेल्या क्षेत्रांसाठी, आठ वर्षांचा असून ठरलेली उद्दिष्टे पूर्ण केल्यास तो दहा वर्षांपर्यंत वाढू शकतो.

मक्तेदारी दिली म्हणजे दरावर कोणाची तरी देखरेख असेल, असे कोणीही गृहीत धरेल. प्रत्यक्षात २०१८ पासूनच्या बोलीच्या निकषांत ५० टक्के भार घरगुती जोडण्यांच्या संख्येला, २० टक्के सीएनजी केंद्रांना आणि १० टक्के पोलादी वाहिनीच्या लांबीला आहे. उरलेले प्रत्येकी १० टक्के जाळ्यातून गॅस वाहून नेण्याच्या दराला आणि सीएनजीच्या वहन दराला आहेत. स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत येणाऱ्या गॅसची विक्री किंमत या निकषांत कुठेही नाही. कंपनी किती घरे जोडणार हे बोलीत ठरते, त्या घरांना कोणत्या दराने गॅस देणार हे ठरत नाही.

मंडळाने यात लक्ष घालण्याचा एकदा प्रयत्न केला होता. दिल्लीत गॅसवितरण करणाऱ्या इंद्रप्रस्थ गॅस लिमिटेडचे जाळ्याचे शुल्क आणि सीएनजी दाबून भरण्याचे शुल्क कमी करण्याचा आदेश मंडळाने एप्रिल २०१२ मध्ये दिला. कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि आदेश रद्द झाला. सर्वोच्च न्यायालयानेही १ जुलै २०१५ रोजी तोच निर्णय कायम ठेवला. दुसऱ्याचा गॅस वाहून नेणाऱ्या वाहिनीचे शुल्क मंडळ ठरवू शकते, परंतु जी कंपनी स्वतःच्या जाळ्यातून स्वतःचा गॅस थेट ग्राहकाला विकते तिच्यासाठी असे दर किंवा शुल्क ठरवण्याचा अधिकार २००६ च्या कायद्याने मंडळाला दिलेला नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. न्यायालयाने कायदा जसा आहे तसा वाचला. उणीव कायद्यातच आहे आणि ती संसदेनेच दूर करायला हवी.

म्हणून आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, गॅसचा दर ठरवताना ग्राहकाला कोणीही विचारत नाही. विजेच्या बाबतीत २००३ च्या कायद्यानुसार वितरण कंपनीला आपला हिशेब राज्य वीज नियामक आयोगापुढे मांडावा लागतो, त्यावर हरकती मागवल्या जातात आणि जाहीर सुनावणी होते. त्या सुनावण्यांतून मनासारखा निर्णय प्रत्येक वेळी मिळतो असे नाही, परंतु दराची कारणे लेखी स्वरूपात सर्वांसमोर येतात. गॅसच्या ग्राहकाला तेवढेही मिळत नाही.

खासगी कंपनीकडे वितरण सोपवले की दरही तिच्याच हाती जाणार, असे काही वाचकांनी गृहीत धरलेले दिसते. नागपूरचा अनुभव तसा नाही. २०११ ते २०१९ या काळात महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या विभागांतील वीजवितरण खासगी फ्रँचायझीकडे होते, तरी दर आयोगानेच ठरवलेले लागू होते. शहराचा पाणीपुरवठा २०१२ पासून खासगी कंपनी सांभाळते, तरी पाण्याचे दर महापालिकेच्या उपविधींनुसार आकारले जातात. त्या दोन्ही व्यवस्थांबद्दल नागपूरकरांच्या तक्रारी होत्या आणि आहेत, परंतु काम खासगी कंपनीचे आणि दर सार्वजनिक संस्थेचा, अशी रचना चालू शकते हे या शहराने पाहिले आहे. गॅसच्या बाबतीतही तीच मागणी करण्यात काहीही अतिरेकी नाही.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर स्पर्धेचे असते. विक्रीचा अनन्य कालावधी संपल्यानंतर जाळे इतर विक्रेत्यांना खुले करण्याचे नियम मंडळाने २०२० मध्ये केले आणि त्यांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हानही दिले गेले. ते नियम पूर्णपणे अमलात आले तरी त्यांचा पहिला लाभ बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांसारख्या मोठ्या ग्राहकांना होईल, असे मला वाटते. महिन्याला मोजके घनमीटर गॅस वापरणाऱ्या कुटुंबासाठी दुसरा विक्रेता आपले कार्यालय, मीटरवाचक आणि बिलाची यंत्रणा उभी करणार नाही. घरगुती ग्राहकाला स्पर्धेपेक्षा सुनावणीचीच अधिक गरज आहे. कायदादुरुस्ती होईपर्यंत निदान गॅसची खरेदी किंमत, वाहतूक, कर आणि कंपनीचा स्वतःचा आकार हे चार घटक बिलावर वेगवेगळे छापण्याचे बंधन तरी घालायला हवे.

प्रश्न : मी ऑटोरिक्षा चालवतो. मुंबई-पुण्यात सीएनजी स्वस्त असताना नागपुरात त्याचा दर किलोमागे १०० रुपयांच्या वर गेला होता. गॅस एकच, मग दरात एवढा फरक का?
— एक ऑटोचालक, इतवारी

उत्तर : आपण म्हणता तो दर २०२२ मधील आहे. त्याचे मुख्य कारण असे की, मुंबईला गॅस वाहिनीने मिळत होता आणि नागपूरपर्यंत वाहिनी पोहोचलेली नव्हती. गॅस सुमारे उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की द्रवरूप होतो आणि त्याचे आकारमान साधारण सहाशे पटींनी घटते. असा द्रवरूप गॅस पश्चिम किनाऱ्यावरून खास टँकरने शेकडो किलोमीटर आणून येथे पुन्हा वायुरूप केला जात होता. तो आयात केलेला होता आणि युक्रेनमधील युद्धामुळे त्याच वर्षी जागतिक बाजारात त्याची किंमत भडकली. सीएनजी आणि घरगुती वापरासाठी केंद्र सरकार देशी गॅस कमी दराने राखून ठेवते, पण वाहिनी नसलेल्या शहराला त्याचा पुरेसा लाभ घेता येत नव्हता. राज्य सरकारने १ एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरील मूल्यवर्धित कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, तो दिलासा खरा होता, परंतु या कारणांपुढे अपुरा ठरला.

समृद्धी महामार्गाच्या कडेने टाकलेली मुंबई–नागपूर–झारसुगुडा वाहिनी म्हणूनच विदर्भासाठी महत्त्वाची आहे. देशातील प्रमुख वाहिन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून एकत्रित वहन दर लागू झाला, त्यामुळे किनाऱ्यापासून दूर असण्याचा भुर्दंडही कमी झाला. मात्र वाहतूक स्वस्त झाली म्हणजे पंपावरील दर तेवढाच उतरेल, याची हमी देणारा नियम नाही. बचत किती झाली आणि त्यातली चालकापर्यंत किती आली, हे विचारणारी अधिकृत जागा नसल्यामुळे पहिल्या पत्रातील प्रश्न आपल्या रोजच्या कमाईलाही लागू होतो. ऑटोचालक संघटनांनी वाहिनीचा गॅस येण्यापूर्वीचे आणि नंतरचे दर महिनावार नोंदवून ठेवावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

प्रश्न : पाइपचा गॅस सिलिंडरपेक्षा स्वस्त पडतो का?
— एक वाचक, नंदनवन

उत्तर : १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमधील उष्णता साधारणपणे १७ ते १८ घनमीटर नैसर्गिक वायूइतकी असते. बिलावरील प्रति घनमीटर दराला १८ ने गुणावे आणि येणाऱ्या रकमेची त्या महिन्याच्या सिलिंडरच्या किमतीशी तुलना करावी. मासिक भाडे किंवा किमान आकार असेल तर तो त्यात मिळवावा. जोडणीच्या वेळी दिलेली रक्कम परत मिळणारी अनामत आहे की शुल्क, हे पावतीवर लिहून घ्यावे.

प्रश्न : मीटर न पाहता सरासरीने आलेले मोठे बिल कंपनी दुरुस्त करत नाही. दिल्लीच्या नियामक मंडळाकडे तक्रार करावी का?
— एक वाचक, महाल

उत्तर : आधी कंपनीकडे लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि मीटरचे तारखेसह छायाचित्र काढून ठेवावे. सेवेच्या दर्जाविषयीची मंडळाची २०१० ची नियमावली वितरकाला तक्रारनिवारणाची व्यवस्था ठेवायला सांगते. मात्र ग्राहक आयोगात चालू शकणाऱ्या वैयक्तिक ग्राहकांच्या तक्रारी मंडळाने स्वतःकडे घेऊ नयेत, असे २००६ च्या कायद्याच्या कलम २५ मध्येच म्हटले आहे. त्यामुळे दिल्लीला अर्ज पाठवून उत्तराची वाट पाहण्यात आपला वेळ जाईल. विजेच्या ग्राहकासाठी नागपुरात विद्युत लोकपालाचे कार्यालय आहे, गॅसच्या ग्राहकासाठी तसा लोकपाल नाही, आणि ही उणीव मला दराच्या उणिवेइतकीच गंभीर वाटते.

आपला मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील सेवेच्या व्याख्येत वीज किंवा अन्य ऊर्जेचा पुरवठा स्पष्टपणे समाविष्ट आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील देणे बंधनकारक नाही आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहण्यास हरकत नाही. आपल्या इमारतीतील इतरांनाही अशीच बिले आली असतील तर समान हितसंबंध असलेले ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार करू शकतात. तसे करावे, कारण एका बिलाची चूक मीटरवाचकाच्या नावावर खपवता येते, दहा बिलांची खपवता येत नाही.