फुकेतला जहाज एकच दिवस थांबणार आहे, स्नॉर्कलिंग नेमकं कुठं करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या शेवटी सिंगापूरहून क्रूझ, थायलंडमधल्या फुकेतला जहाज सकाळी ९ ते संध्याकाळी ६ थांबणार. बरोबर साठीच्या पुढचे आई-वडील, पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी. पोहायला फक्त तुम्हालाच येतं, तेही विहिरीत शिकलेलं. स्नॉर्कलिंगला, म्हणजे मास्क आणि नळी लावून पालथं तरंगत पाण्याखालचं बघायला, फुकेतजवळच्या फी फी, कोरल आयलंड आणि राचा या तिन्ही बेटांपैकी कुठं जावं?

माझं उत्तर राचा याई. तिथंही पश्चिमेकडची पटोक बे ही खाडी, आणि पाण्यात उतरायचं ते वाळूवरून चालत, बोटीतून उडी मारून नाही. फी फी या वेळी सोडून द्या.

हे एवढ्या ठामपणे सांगते, कारण दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्हीही असेच सोलापूरहून गाडीनं हैदराबाद आणि तिथून सिंगापूर गाठून याच मार्गावर गेलो होतो. बरोबर माझी आई, सासरे आणि दहा वर्षांचा मुलगा. निघण्याआधी महिनाभर मी फोटो बघून जागा ठरवत होते, आणि फोटोत फी फीच सगळ्यांत सुंदर दिसतं. शेवटी कागद-पेन घेऊन तास मांडले तेव्हा डोळे उघडले. तुम्हीही आधी तासच मांडा.

जहाज ९ ला येतं म्हणजे तुम्ही ९ ला किनाऱ्यावर असता असं नाही. फुकेतमधल्या पातोंगच्या खाडीत मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच नांगर टाकतं. मग टेंडर नावाच्या छोट्या बोटींतून आळीपाळीनं माणसं किनाऱ्यावर सोडतात. रांग आणि बोट धरून तास सहज जातो. परतीची शेवटची टेंडर जहाज सुटण्याच्या तासभर आधीची धरा. (काही जहाजं दक्षिणेकडच्या आओ मखाम बंदरात धक्क्याला लागतात, तिथून पुढचा प्रवास बराच कमी होतो. तुमचं जहाज कुठं थांबतं ते तिकिटावर आजच बघून घ्या.)

त्याहून महत्त्वाचं म्हणजे घड्याळ. सिंगापूर थायलंडच्या एक तास पुढं आहे. बरीच जहाजं सिंगापूरचीच वेळ चालू ठेवतात, पण किनाऱ्यावर पाय ठेवला की तुमचा मोबाईल आपोआप थायलंडची वेळ दाखवायला लागतो. म्हणजे जहाजावर पाच वाजलेले असताना हातातल्या मोबाईलमध्ये चारच वाजलेले असतात. आमच्या ओळखीचं एक कुटुंब यामुळं धक्क्यावर धावत पोहोचलं, शेवटची टेंडर सुटायला आली होती आणि आजी मागं राहिल्या होत्या. मनगटावर साधं काट्यांचं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि दिवसभर त्यावरच चाला. जहाजावर वेळ बदलली तर ते जाहीर करतात, तसं झालं तर घड्याळही बदला.

आता हिशेब. जहाजाच्या वेळेनं १० ला किनाऱ्यावर, आणि ४ पर्यंत परत टेंडरच्या रांगेत. हातात राहिले सहा तास. राचाच्या किंवा कोरल आयलंडच्या बोटी चालोंगच्या धक्क्यावरून सुटतात. पातोंगहून डोंगर ओलांडून तिथं जायला चाळीस मिनिटं, यायलाही तेवढीच. बोट मिळणं, मास्क वाटणं, लाइफ जॅकेट चढवणं यात अर्धा तास. उरले चार तास दहा मिनिटं.

फी फीला स्पीडबोटीनं जायला जवळपास तास लागतो, तेवढाच यायला. उरलेल्या दोन तासांत तीन-चार ठिकाणी थांबे, जेवण, फोटो. प्रत्यक्ष पाण्यात तोंड घालून तुम्ही जेमतेम अर्धा-पाऊण तास असाल. शिवाय फी फीतल्या ज्या माया बे या खाडीसाठी लोक धडपडतात, तिथं पोहायलाच बंदी आहे. पर्यटकांच्या गर्दीनं प्रवाळ मरायला लागलं म्हणून ती खाडी जून २०१८ पासून बंद ठेवली होती, जानेवारी २०२२ मध्ये उघडली. आता बोटी मागच्या बाजूच्या खाडीत लागतात, माणसं चालत पुढं येतात, गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढतात आणि परततात. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती बंदच असते. प्रवाळाला विश्रांती मिळते याचं मला मनापासून बरं वाटतं, पण स्नॉर्कलिंगसाठी म्हणून तिथं जाण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय उद्यानाची फी वेगळी भरावी लागते ती निराळीच. सिमिलान बेटं कुणी सुचवली तर तीही सोडा. ती फार उत्तरेला आहेत, एका दिवसाच्या थांब्यात बसत नाहीत.

कोरल आयलंड, म्हणजे को हे, चालोंगहून पंधरा मिनिटांवर. वेळेच्या हिशेबात हे सगळ्यांत सोयीचं आणि पाणी उथळ. आई-वडिलांना फक्त समुद्रात बसायचं असेल तर उत्तम. पण तिथं दिवसभर पॅरासेलिंग, बनाना बोट, गर्दी. नावात कोरल असलं तरी किनाऱ्याजवळचं प्रवाळ बरंच तुटलेलं दिसतं.

राचा याईला स्पीडबोटीनं पस्तीस मिनिटं. जाऊन-येऊन सव्वा तास धरला तरी बेटावर जवळपास तीन तास मिळतात. पाणी निळं आणि खूप स्वच्छ, कारण बेट मुख्य किनाऱ्यापासून लांब आहे आणि नदी-नाल्यांचा गाळ तिथं पोहोचत नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मी पहिल्यांदा स्नॉर्कलिंग केलं होतं. तिथं मासे भरपूर होते, पण पाणी गढूळ असल्यानं हाताच्या अंतरापलीकडचं धूसर दिसायचं. राचाला मास्क घालून मान खाली घातली आणि खोलवरच्या वाळूवर माझीच सावली दिसली, तेव्हा क्षणभर उंचावर लटकल्यासारखं वाटलं. (राचा नोई हे शेजारचं बेट वेगळं. तिथं पाणी खोल आणि ओढ जास्त, ते डायव्हिंग करणाऱ्यांसाठी. बुक करताना ‘याई’च लिहिलंय ना ते वाचा.)

पटोक बे का, तर वाऱ्यामुळं. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडं ईशान्येचा वारा असतो, त्यामुळं बेटांच्या पश्चिमेकडच्या खाड्या आडोशाला येतात आणि शांत राहतात. मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारा, तेव्हा पश्चिमेकडं लाटा आणि पूर्वेकडची कोनकारेची खाडी बरी. हे एक ध्यानात ठेवलं तर कुठल्याही बेटावर उपयोगी पडतं: वारा ज्या बाजूनं येतो त्याच्या उलट बाजूला उतरायचं. इथं वाचणाऱ्या ज्यांची सहल पावसाळ्यातली आहे त्यांनी तर पुन्हा विचार करावा. जुलै २०१८ मध्ये फुकेतजवळ वादळात पर्यटकांची बोट बुडून ४७ माणसं गेली. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊलही टाकू नका, सहलीचे पैसे गेले तरी चालतील.

जहाजाची स्वतःची सहल घ्यावी की बाहेरची? जहाजाची महाग पडते, पण त्यांच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्ही बाहेरून गेलात तर थांबत नाही. तुमच्याबरोबर वडीलधारी माणसं आहेत, राचाची सहल जहाजाकडं असेल तर जास्तीचे पैसे द्या. नसेल तर पाच जणांसाठी आख्खी बोट ठरवता येते का बघा. ठरवताना तीन गोष्टी लिहून मागा: कुठल्या खाडीत नेणार, किनाऱ्याला लावणार की समुद्रातच थांबवणार, आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का. जॅकेट घातल्यावर मुलीच्या खांद्यापाशी धरून वर ओढा. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, दुसरं मागा.

आई-वडिलांबद्दल जरा थांबून सांगते. बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘समुद्रात नळीनं श्वास घेत पालथं तरंगायचं आहे’ या शब्दांत. नळीतून श्वास ओढताना छातीवर रोजच्यापेक्षा जास्त ताण येतो. दम लागतोय असं वाटलं की लगेच पाय टेकायचे, मास्क काढायचा, बाहेर यायचं. म्हणूनच मी वाळूवरून उतरा म्हणते. बोटीतून उतरलेल्या माणसाला पाय टेकायला जागाच नसते. आणि एकालाही एकटं सोडू नका. स्नॉर्कलिंग करणारा माणूस मुळातच पालथा, जवळजवळ न हलता तरंगत असतो, त्यामुळं तो अडचणीत आलाय हे काठावरून कळत नाही. दोघांची जोडी, हात हातात, आलटून-पालटून. तुम्ही पोहणारे एकटेच आहात, तेव्हा एका वेळी एकालाच घेऊन जा. बाकीच्यांनी कमरेइतक्या पाण्यात थांबायचं.

माझी आई लहानपणी मंगळवेढ्याकडं शेतातल्या विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकली होती. त्यानंतर पन्नास वर्षं पाण्यात गेली नव्हती. तिथं तिनं लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घातला, वर लाइफ जॅकेट. आधी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतल्या. दोनदा तोंड वर काढलं, खारं पाणी थुंकलं. मी म्हटलं, आई, बाहेर जायचं का? ती काही न बोलता परत मान खाली घालून तरंगली. खाडीच्या कडेला खडक आहेत, तिथवर आम्ही हळूहळू गेलो. थोड्या वेळानं तिच्या बोटांची पकड सैल झाली. मग एकदम तोंड वर काढून, मास्क कपाळावर सारून म्हणाली, “काय खातंय गं ते? कडक भाकरी मोडल्यासारखं वाजालंय!”

ते पॅरटफिश होते, हिरवे-निळे, पोपटासारख्या चोचीचे. ते प्रवाळाचा पृष्ठभाग कुरतडून त्यावरचं शेवाळ खातात आणि पोटात गेलेला दगडी चुरा वाळू करून बाहेर टाकतात. पाण्यात कान बुडलेले असले की तो कुरतडण्याचा आवाज स्पष्ट येतो. तुम्हीही खडकापाशी हात-पाय न हलवता मिनिटभर थांबा आणि ऐका. मुलीला आधी सांगू नका, तिचं तिला सापडू द्या.

मास्कची तयारी मात्र सोलापुरातच करा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकानं श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर मापाचा. माझ्या सासऱ्यांचा मास्क सारखा गळत होता, कारण मिशी. वरच्या ओठावरची मिशीची कडा नाकाखाली थोडी कापली तेव्हा पाणी यायचं थांबलं. तुमच्या वडिलांना मिशी असेल तर हे घरीच उरका. मग आठवडाभर रोज दहा मिनिटं, बादली नाहीतर हौदात तोंड बुडवून फक्त तोंडानं श्वास घ्यायची सवय. नळीत पाणी गेलं तर जोरात ‘थू’ करून फुंकायचं. शक्य असेल तर दोन-तीन रविवार जलतरण तलावावर जा. आख्खा चेहरा झाकणारे मास्क सोपे वाटतात, पण घाबरल्यावर ते पटकन काढता येत नाहीत. ते घेऊ नका.

स्पीडबोटीत ज्यांना मळमळतं त्यांनी गोळी बोटीत बसण्याआधी अर्धा तास घ्यावी, आणि मागच्या बाजूला बसावं, पुढं आदळतं.

प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभं राहायचं नाही. तो दगड वाटला तरी जिवंत आहे. २०१० मध्ये पाणी तापल्यानं अंदमान समुद्रातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरं पडून मेलं होतं, २०२४ मध्ये पुन्हा पांढरं पडलं. जे उरलंय ते सांभाळून बघावं असं मला फार वाटतं. खडकांच्या फटीत लांब काळ्या काट्यांच्या समुद्री साळू असतात, पाय टेकायचा तो फक्त वाळूवर. बोटवाले मासे जमवायला पाव देतात, मुलीच्या हातात तो देऊ नका. पावाला सोकावलेले मासे प्रवाळावरचं शेवाळ खाणं सोडतात. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचे कपडे बरे. पालथं तरंगताना पोटऱ्या आणि मान भाजते, आपल्या मे महिन्यातल्या उन्हाची सवय असली तरी भाजते. प्रवाळाला घातक रसायनं असलेलं सनस्क्रीन थायलंडनं २०२१ पासून समुद्री राष्ट्रीय उद्यानांत बंद केलंय. लावायचंच असेल तर झिंक ऑक्साइडचं घ्या.

अंग पुसायला घरचेच टॉवेल न्या. जहाजाचा टॉवेल बेटावर हरवला तर पैसे कापतात. आणि आपल्याकडं टॉवेलांना तोटा नाही.

मुलीसाठी नवीन मास्क लगेच विकत घेऊ नका. माझ्या मुलाचा लहान मापाचा मास्क आणि नळी आता त्याला बसत नाही, धुऊन कपाटात ठेवलेली आहे. मी विजापूर रोडला राहते. इथंच निरोप टाका, एखाद्या रविवारी येऊन तिच्या चेहऱ्याला लावून बघा, बसला तर घेऊन जा.