केसपेपरवर आधी दिसलं ते लिही

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू म्हणालास, "सर, मेंदूभोवती सबड्युरल रक्तस्राव आहे, डोळ्यांच्या रेटिनातही (मागच्या पडद्यात) रक्तस्राव आहे, बाळ शुद्धीवर नाही. तिन्ही जमलं, म्हणजे घरात कुणीतरी गदागदा हलवलंय." दोन महिन्यांचं लेकरू तसं पाहिल्यावर संताप येणारच. पण हे निदान उभं कशावर आहे, ते आधी समजून घे.

१९७१ साली नॉर्मन गथकेल्च या ब्रिटिश न्यूरोसर्जनने मांडलं, की बाळाला जोरात हलवल्याने मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो. या 'होऊ शकतो'चं पुढे 'झालंच असणार' झालं. खुद्द गथकेल्च यांनीच उतारवयात त्याबद्दल काळजी बोलून दाखवली. २०१६ मध्ये स्वीडनच्या एसबीयू या सरकारी संस्थेने या तीन खुणांवरचं जगभरचं संशोधन तपासलं. निकषांत बसलेल्या ३० अभ्यासांपैकी दोनच मध्यम दर्जाचे निघाले, उच्च दर्जाचा एकही नाही. मुख्य दोष असा, की ज्या खुणांची परीक्षा घ्यायची, त्याच खुणा पाहून 'हा अत्याचार' असं आधीच ठरवलं होतं. बालरोगतज्ज्ञांच्या अनेक संघटनांना हा अहवाल मान्य नाही. हलवल्याने, आपटल्याने बाळं दगावतात, हे मीही पाहिलंय. बरगड्यांची मागच्या बाजूची फ्रॅक्चर, अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावरचे वळ, हे पुरावे वेगळे आणि वजनदार आहेत. म्हणून स्केलेटल सर्व्हे, म्हणजे सगळ्या हाडांचे एक्स-रे, चुकवू नकोस.

माझ्या उमेदवारीत असंच एक बाळ आलं होतं. टाळू फुगलेली, रंग पांढराफटक. न्हाऊ घालणाऱ्या मावशींवर संशय घेऊन मी पेपरवर 'मारहाण' लिहून मोकळा झालो. सिस्टरने दाखवलं, टाचेला टोचलेल्या जागचा कापूस तिसऱ्यांदा भिजला होता. घरी जन्मलेलं, फक्त अंगावर पिणारं बाळ. रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के टोचलंच नव्हतं. त्या मावशी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. तो शब्द मी खोडला, पण गावाने तो ऐकला होता.

एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, कर, ते टाळता येणार नाही. पण त्यात दिसलं तेवढंच लिही. कुणी केलं, ते नको. व्हिटॅमिन के देण्याआधी पीटी-आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीचा, नमुना काढ. असाच रक्तस्राव घडवू शकणाऱ्या जन्मजात ग्लुटारिक अॅसिड्युरियासाठी लघवी पाठव. फंडस, म्हणजे डोळ्याचा मागचा भाग, नेत्रतज्ज्ञाकडूनच बघून घे. आईला एकटीला, शांतपणे विचार.

रिपोर्ट आला की कितीही वाजता फोन कर.

तुझा,
सर