पहिलं वाक्य मी खोडलंय

प्रिय डॉक्टर,

(नावामागची पदवी नवी आहे, सवय होऊ दे.) बायपोलरवरचं, म्हणजे कधी खोल नैराश्य तर कधी उन्माद आणणाऱ्या आजारावरचं, तुझं टिपण दोनदा वाचलं. ‘बायपोलर हा गर्भातच सुरू होणारा मेंदूविकासाचा आजार आहे’ हे पहिलंच वाक्य खोडलंय. ते स्किझोफ्रेनियाकडून (भास-भ्रमांच्या आजाराकडून) उसनं आणलेलं दिसतं.

तिथे त्याला आधार बराच आहे. मूल उशिरा चालतं-बोलतं, शाळेत मागे पडतं, गुणसूत्रांचे मोठे तुकडे गळालेले किंवा दुप्पट झालेले सापडतात. बायपोलरमध्ये या खुणा फिकट होत जातात. २०१० साली प्रसिद्ध झालेला स्वीडनचा अभ्यास काढून बघ. शालान्त परीक्षेत अव्वल आलेल्या मुलांना पुढे हा आजार होण्याचा धोका सरासरी गुणवाल्यांच्या जवळपास चौपट निघाला, आणि अगदी तळाच्या मुलांनाही थोडा वाढलेला. या आजाराकडे जाणाऱ्या वाटा एकापेक्षा जास्त असाव्यात, असा अर्थ मी लावतो. तो अभ्यास मला आवडतो, कारण तो कुणाच्याच सोयीचा नाही.

तरी सुरुवातीच्या घडणीचा हात आहेच, फक्त तो बारीक आहे. २०१५ साली अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूटच्या गटाने मोजक्या रुग्णांच्या त्वचेच्या पेशी मूळपेशींच्या अवस्थेला नेल्या आणि त्यांच्यापासून हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मरणाशी जोडलेल्या भागात असतात तशा चेतापेशी वाढवल्या. बशीतल्या या पेशींनी ना जागरण पाहिलेलं, ना परीक्षेचा ताण. तरीही निरोगी माणसांच्या पेशींपेक्षा त्या जास्त वेळा ‘फायर’ होत होत्या, म्हणजे विद्युत-संदेश सोडत होत्या. लिथियम (या आजारावरचं औषध) घातल्यावर निवळल्या, पण फक्त ज्या रुग्णांना लिथियम लागू पडलं होतं त्यांच्याच.

यावरून सगळं आधीच ठरलेलं असतं असं मात्र लिहू नकोस. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला तरी दुसरा कितीतरी वेळा सुटतो. आणि कपाळामागचा मेंदू पंचविशीपर्यंत जोडण्यांची छाटणी करत असतो. आजार बहुधा याच वर्षांत डोकं वर काढतो.

हे एवढं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. मी तुझ्याएवढा असताना ओपीडीत एका आईने फाइल छातीशी धरून विचारलं, “हा पोटात असताना मला ताप आला होता. त्यानं झालं का?” मी सहज म्हणून गेलो, “शक्य आहे.” पुढच्या खेपेला तिने गर्भारपणातले सगळे कागद जपून आणले होते. मुलाच्या झोपेबद्दल तिला एक शब्द बोलायचा नव्हता. गर्भारपणातल्या फ्लूचा संबंध काही अभ्यासांत दिसतो, काहींत नाही. एका मुलाबद्दल त्यावरून काहीच सांगता येत नाही. मला तेव्हा हे सांगायला हवं होतं.

तुझ्या टिपणात २२ रुग्ण आहेत. प्रत्येकासमोर पहिला झटका कितव्या वर्षी आला, तो नैराश्याचा होता की मॅनियाचा (उन्मादाचा), आणि घरात आणखी कुणाला आहे का, एवढं भरून पाठव. मग पहिलं वाक्य बघू.

तुझा,
सर