मुंबईत साल्सा-बचाटा शिकायचंय, जोडीदार नाही. क्लास कसा निवडू?

ज्या क्लासमध्ये दर थोड्या वेळाने जोडीदार बदलायला लावतात, तिथेच नाव घाला. साल्सा-बचाटा हे जोडीने करायचे सोशल डान्स, म्हणजे पार्टीत कुणाहीबरोबर नाचायचे; त्यात नाच आधी बसवलेला नसतो. अनोळखी माणसाच्या हाताचा इशारा ओळखून पुढचं पाऊल टाकायचं असतं, आणि ते एकाच माणसाबरोबर घोटून येत नाही. अंधेरीच्या क्लासला मी अजूनही जाते, त्यावरून सांगते. फी भरण्याआधी ट्रायल घ्या. साल्साच्या आठ मात्रांपैकी १-२-३, ५-६-७ वर पावलं आणि ४, ८ ला थांबणं पक्कं करून घेतात, की पहिल्याच दिवशी गिरक्या? गिरक्यावाल्यांना लांबूनच नमस्कार. शक्यतो आपल्याच लोकल लाइनवरचा क्लास बघा, संध्याकाळच्या गर्दीत दादरला गाडी बदलून उत्साह टिकत नाही. फक्त लग्नाच्या संगीतसाठी एखादा नाच बसवायचा असेल, तर मात्र खासगी शिकवणीच बरी.