गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाची यादी लावताना

गाण्याच्या क्लासच्या कार्यक्रमात गाणाऱ्या मुलांची यादी वयानुसार किंवा परीक्षेनुसार लावू नका, ज्या पट्टीत मूल गातं त्या स्वरानुसार लावा. काळी एकवाली (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गाणारी) मुलं एकत्र, काळी चार-पाचवाल्या मुली एकत्र. तबला हातोडीने अर्धा स्वर वर-खाली सहज जातो. त्यापुढे ओढलात तर सूर टिकत नाही, पुडीही (तबल्यावरचं कातडं) फाटू शकते. म्हणून दोन तबले हवेतच, डग्गा (डाव्या हाताचा) एक चालतो.

आषाढातल्या दमट हवेत पुडी सैल पडून सूर उतरतो आणि एसी सुरू झाला की चढतो. तबले तासभर आधी सभागृहात, एसी चालू करूनच ठेवा, मग सुरात मिळवा.

वेळेचा हिशोब असा: वीस मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं, मंचावर चढ-उतारासाठी दोन. झाले 140 मिनिटं, भाषणं वेगळी! (ती मध्ये नकोतच, शेवटी ठेवा.) प्रारंभिकच्या (गाण्याच्या पहिल्या परीक्षेच्या) मुलाला मध्यलय तीनतालातली स्थायी-अंतरा (बंदिशीचे दोन भाग) आणि आठ मात्रांच्या चार ताना (भरभर घेतलेल्या स्वरांच्या ओळी) पुरे. घोळ होतो तो तान संपवून मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) पकडताना, त्यामुळे तबलजीबरोबर निदान दोन तालमी घ्या. तानपुरा मोबाइलवर असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कुणाच्या तरी मावशीचा फोन येतो.