कोअर बॉक्स टाकून देण्याआधी नोटीस पोहोचू द्या

प्रश्न: गोदाम बांधण्याआधी आम्ही एका एजन्सीकडून सॉइल टेस्टिंग करून घेतलं. पाच बोअर झाले. तिसऱ्या बोअरला साडेतीन मीटरवर कठीण खडक असल्याचं रिपोर्टमध्ये होतं आणि त्याच भरवशावर त्या कोपऱ्यातल्या फुटिंग (कॉलमखालचे पाये) बसवल्या. दीड वर्षात तिथले दोन कॉलम खचले, भिंतींना तिरक्या भेगा गेल्या. दुसऱ्या एजन्सीने शेजारी बोअर घेतला, तेव्हा साडेतीन मीटरवर पाऊण मीटर जाडीचा धोंडा लागला आणि त्याखाली जवळजवळ तीन मीटर मऊ चिकणमाती. पहिल्या एजन्सीशी आठ महिने फोनवर बोलणं चालू आहे, त्यांची माणसं येऊन पाहूनही गेली. संबंध बिघडू नयेत म्हणून त्यांचा अडवून ठेवलेला शेवटचा हप्ताही देऊन टाकला. करारात लवादाचं कलम आहे. भरपाई मिळेल का? पोलिसांत तक्रार करावी का?

उत्तर: याच धर्तीची पत्रं सतत येतात. पाया खचला, रिपोर्ट चुकला, एजन्सी हात वर करते, आता काय. एजन्सीची जबाबदारी असते की नाही, यावर मी शब्द खर्च करत नाही. असते. तुमच्या पत्रासोबत कराराची प्रत होती आणि तिच्यातलं सोळावं कलम वाचून मी बाकी सगळं बाजूला ठेवलं. कलम असं आहे: 'मातीचे नमुने व कोअर बॉक्स अंतिम देयक मिळाल्यापासून 90 दिवस जतन केले जातील. त्यानंतर, ग्राहकाची लेखी मागणी नसल्यास, एजन्सी त्यांची विल्हेवाट लावेल.' कोअर बॉक्स म्हणजे ड्रिल करून बाहेर काढलेला दगडाचा गाभा ज्यात ठेवतात ती पेटी.

अंतिम देयक तुम्ही दोन वर्षं अडवलं होतं, म्हणून हे नव्वद दिवस सुरूच झाले नव्हते. शेवटचा हप्ता देऊन ते तुम्ही स्वतः सुरू केलेत. पत्र माझ्या हातात आलं त्या दिवशी 74 दिवस झाले होते, म्हणजे उरले 16. त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन करून काय करायचं ते सांगितलं आहे. इथे लिहितो आहे ते तुम्हाला कारण नीट कळावं म्हणून, आणि ज्यांचे बॉक्स अजून कुठल्यातरी शेडमध्ये पडून आहेत त्या इतरांसाठी.

एजन्सीच्या बोअर लॉगमध्ये (कुठल्या खोलीवर काय लागलं त्याच्या नोंदीत) 3.5 ते 6.5 मीटर हा सगळा पट्टा खडक दाखवला आहे. कोअर रिकव्हरी 82 टक्के, आरक्यूडी 60 टक्के. या आकड्यांचा अर्थ मोजता येतो. तीन मीटर ड्रिलिंगचे 82 टक्के म्हणजे 2.46 मीटर लांबीचा दगडी गाभा बाहेर निघाला, असं एजन्सी सांगते. आरक्यूडी 60 टक्के म्हणजे त्यातले 10 सेंटिमीटर आणि त्याहून लांब तुकडे एकापुढे एक मांडले तर 1.8 मीटर भरतात. हा गाभा कुठेतरी असलाच पाहिजे. तिसऱ्या बोअरचा बॉक्स उघडायचा, टेप लावायचा. बॉक्समध्ये जेमतेम 70-75 सेंटिमीटर दगड निघाला तर लॉग खोटा ठरला. 2.46 मीटर निघाला तर तुमचा दावा अवघड झाला, आणि तेही तुम्हाला पुढचा खर्च करण्याआधी कळायला हवं.

एसपीटीचे, म्हणजे जमिनीत नळी ठोकून तिचा घट्टपणा मोजायच्या चाचणीचे, आकडे इथे निकाल देत नाहीत. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पडतो, नळी 30 सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. सुट्या धोंड्यावर ती नळी जशी अडते तशीच सलग खडकावरही अडते. 'रिफ्यूजल' (नळी पुढे जाईना) या नोंदीवरून खाली काय आहे ते कळत नाही, म्हणूनच खडक लागल्यावर त्याच्या आत पुरेसं ड्रिल करायचं असतं. तुमच्या करारात ही खोली 3 मीटर लिहिलेली आहे, हे तुमचं नशीब. पुष्कळ करारांत ती लिहिलेलीच नसते आणि मग 'प्रचलित पद्धत काय' यावर दोन्हीकडचे तज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडतात.

एका प्रकरणात मी असा बॉक्स उघडताना समोर उभा होतो. लाकडी पेटी, आत लांबट खण, फळीवर रंगाने लिहिलेली खोली, जिथे गाभा मिळाला नाही तिथे ठेवलेले लाकडाचे ठोकळे. आमच्याबरोबर आलेल्या भूवैज्ञानिक बाईंनी दोन तुकडे उचलले आणि त्यांची मोडलेली टोकं एकमेकांना लावून पाहिली. बसली. पुढची दोन लावली. बसेनात. पोतही वेगळा, एकात बारीक छिद्रं, दुसरा घट्ट. एका बॉक्समध्ये दोन ठिकाणचे दगड होते. पंचनाम्यात हे चार ओळींत आलं आणि तेवढ्यावर समोरचा पक्ष तडजोडीला आला. दुसऱ्या एका अशिलाच्या बाबतीत आम्ही पोहोचलो तेव्हा शेड झाडून स्वच्छ होती. बॉक्स मुदत संपल्यावर टाकले होते, आणि टाकायचा त्यांना अधिकार होता. ती केस आम्ही हरलो.

कायद्याची बाजू एवढीच आहे. पुरावा हाताशी असून जो तो पुढे आणत नाही, त्याच्याविरुद्ध अनुमान काढण्याची मुभा न्यायालयाला आणि लवादाला आहे. पण एजन्सीने कराराप्रमाणे 91 व्या दिवशी बॉक्स टाकले तर असं अनुमान कोण काढणार? तुम्ही मागितले नाहीत, त्यांनी टाकले. तुमची लेखी मागणी पोहोचल्यावर त्यांनी टाकले, तर तीच कृती त्यांच्या अंगावर येते. सगळा फरक त्या एका तारखेचा आहे. आठ महिन्यांत तुम्ही किती फोन केले ते तुम्ही मोजून लिहिलं आहे. त्यांच्याऐवजी एक ओळीचा ईमेल केला असता तर आज ही धावपळ नसती.

मागणी कशी करायची: करारात नोटीस पाठवायचा पत्ता कुठला दिला आहे ते बघा आणि त्याच पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा. शिवाय ईमेल करा, आणि जमल्यास माणूस पाठवून दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. कागदात आरोप नको. सोळाव्या कलमाचा उल्लेख, आणि पाचही बोअरचे कोअर बॉक्स, मातीच्या बरण्या व नळ्या, साइटवरची कच्ची लॉगशीट, रोजचा ड्रिलिंग रिपोर्ट, प्रयोगशाळेच्या नोंदवह्या आणि फोटो जतन करून ठेवावेत, आम्हाला पाहणीसाठी दिवस द्यावा, एवढीच मागणी. पाचही बोअरचे म्हणा, फक्त तिसऱ्याचे नको. तिसऱ्यात इतर कुठल्या बोअरचा गाभा भरला असेल तर ते बाकीचे बॉक्स उघडल्यावरच दिसतं.

रोजचा ड्रिलिंग रिपोर्ट मला बॉक्सइतकाच महत्त्वाचा वाटतो. टाइप केलेला लॉग ऑफिसात बसून होतो, मळकी लॉगशीट साइटवर लिहिली जाते. मशीन कुठल्या दिवशी कुठल्या बोअरवर होतं, किती वाजता हललं, केसिंग (बोअर ढासळू नये म्हणून घालायचा पाइप) किती उतरवलं, पाणी कुठल्या खोलीवर परत यायचं थांबलं, हे त्यात असतं. कठीण खडकात 3 मीटर गाभा काढायला वेळ जातो. तेवढा वेळ त्या बोअरला दिलेलाच नसेल, तर ते तिथे दिसेल.

मातीच्या नमुन्यांकडून मात्र फार आशा धरू नका. नळीतला अनडिस्टर्ब्ड (जमिनीतून न विस्कटता काढलेला) नमुना मेणाने बंद केलेला असला तरी दोन वर्षांत सुकतो. त्याची ताकद किंवा ओलावा आज मोजून काही सिद्ध होणार नाही, उलट समोरचा वकील त्याच आकड्यांचा फायदा घेईल. माती चिकण आहे की रेताड, हे ओळखण्यापुरता तो अजून चालतो. दगड तसा बदलत नाही, म्हणून भर बॉक्सवर.

नोटीस पाठवली की न्यायालयाचं काम लगेच हातात घ्यायचं. लवादाचं कलम आहे, तेव्हा 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 9 खाली अर्ज. वस्तू जतन करणं, पाहणी करणं, नमुने घेणं, चाचणी करणं, हे सगळं त्या कलमात स्पष्ट शब्दांत आहे. न्यायालयाकडून कमिशनर (पाहणीसाठी न्यायालयाने नेमलेला माणूस) मागा, बॉक्स त्याच्या समोर उघडून, मोजून, फोटो काढून पुन्हा सील होऊ देत. इथे माझा संयम सुटतो. तातडीचा म्हणून दाखल केलेला अर्ज बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, यायला आणि समोरच्याने उत्तरासाठी मागितलेली तारीख उलटायला जो वेळ जातो, तेवढ्यात सोळा दिवस सहज संपतात. म्हणूनच नोटीस आधी. ती तुमच्या हातात आहे, बोर्ड नाही. आणि आदेश मिळाल्यापासून 90 दिवसांत लवाद सुरू करावा लागतो हे लक्षात ठेवा. आदेश खिशात घालून पुन्हा फोनवर बोलत बसलात तर तो आदेश धोक्यात येईल.

मुदतीचं म्हणाल तर करारभंगाच्या भरपाईसाठी तीन वर्षं आणि ती करार मोडला त्या दिवसापासून. भेगा दिसल्या त्या दिवसापासून नव्हे. रिपोर्ट तुमच्या हाती येऊन 2 वर्षं 4 महिने झाले, म्हणजे आठ महिने आहेत असं धरून चला. फसवणूक लपवली गेली असेल तर मुदत ती कळल्यापासून मोजावी, असं म्हणायला कायद्यात जागा आहे, पण त्यावर घर बांधू नका. बोलणी चालू होती हे कारण चालत नाही. बीएसएनएल विरुद्ध नॉर्टेल या 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत लांबत नाही हे सांगितलं आहे, आणि तुमच्याकडे तर पत्रंही नाहीत. जबाबदारीची कबुली लेखी आणि सहीनिशी असेल तरच मुदत नव्याने सुरू होते. साइटवर येऊन चहा पिऊन 'बघतो' म्हणणं ही कबुली नव्हे. लवाद सुरू झाल्याचा दिवस म्हणजे तुमची लवादाची मागणी समोरच्याला मिळाली तो दिवस. पाठवली तो नव्हे.

बाकीच्या गोष्टींवर मी आज ठाम बोलणार नाही. 'निष्कर्ष फक्त बोअरच्या जागेपुरते' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक सॉइल रिपोर्टमध्ये असतं. दोन बोअरच्या मधल्या जमिनीबद्दल ते एजन्सीला बऱ्यापैकी वाचवतं. त्याच बोअरमध्ये जे निघालंच नाही ते लिहिलं असेल तर वाचवू नये, असं माझं मत आहे. दायित्व फीच्या रकमेपुरतं मर्यादित ठेवणारं कलमही तुमच्या करारात आहे. दोन व्यावसायिकांमधलं असं कलम बऱ्याचदा टिकतं. जाणूनबुजून खोटं लिहिल्याचं सिद्ध झालं तर चित्र बदलू शकतं. किती बदलेल ते बॉक्स उघडल्यावर बोलू. आरसीसी कन्सल्टंटला (इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्याला) पक्षकार करायचं का, हेही तेव्हाच. खड्डा खोदल्यावर तळ बघून त्याने पाया मंजूर केला होता का, त्याचा कागद शोधून ठेवा.

तुमच्या दुसऱ्या एजन्सीच्या बोअरबद्दल मात्र मला रागच आला. पहिल्या एजन्सीला न कळवता, त्यांच्या माणसाला न बोलावता आणि मूळ बोअरपासून दोन मीटर लांब तो घेतलात. समोरचा म्हणणार, दोन मीटरवर जमीन बदलते. खरंच बदलू शकते. पुन्हा बोअर घ्यायचा असेल तर आधी लेखी कळवा, मूळ बोअरची जागा सर्व्हेअरकडून काढून घ्या, आणि या वेळी तुमचं माणूस मशीनजवळ पूर्णवेळ उभं राहू दे. पहिल्या वेळी पाचही बोअर होईस्तोवर तुमचं कोणीही साइटवर नव्हतं आणि लॉगशीटवर तुमच्या बाजूची एकही सही नाही. ड्रिलिंग चालू असताना एक डिप्लोमा इंजिनिअर जरी बॉक्स भरताना फोटो काढत उभा असता, तर आज हा प्रश्न लिहावा लागला नसता.

पोलिसांत तक्रार आता नको. तिने बॉक्स सुरक्षित होत नाहीत, फक्त समोरचा सावध होतो. पैसे दिल्यावर तुम्ही व्हॉट्सअॅपवर 'सगळा हिशेब पूर्ण, धन्यवाद' असं लिहिलंत ते समोरचा वापरणारच. तो मेसेज पुसू नका, तो फोनही बदलू नका. त्याच चॅटमध्ये त्यांच्या इंजिनिअरने 'तिसऱ्याला धोंडा लागला असेल' असं लिहिल्याचं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता सांगितलं आहे. ते कबुलीच्या जवळ जातं की नाही हे मूळ मेसेज पाहिल्याशिवाय सांगणार नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्रासह तो दाखल करावा लागेल, म्हणून फोन घेऊनच या. येताना स्पीड पोस्टाची पावती आणि ती पोचल्याचा ट्रॅकिंगचा कागदही आणा. पोचल्याची तारीख नव्वदाव्या दिवसाच्या अलीकडची आहे की नाही, हे मी सगळ्यात आधी बघणार आहे.